दहावं केळवण

लग्नाच्या वेळी किशोरची सहा केळवणं झाली होती. पोटाच्या ऑपरेशनआधीचं हे दहावं.

कोळवणला चुलते नरहरीतात्यांच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा त्याची बायको दिशा मागच्या सीटवर लहानग्या आर्वीचा पट्टा सोडवत मनातल्या मनात मोजत होती. सुरुवात पौडच्या आत्यांनी केली. "आप्रेशन झालं की पोरगं वाटीभर खानार. त्येच्या आदी एकदा पोटभर वाढू दे की मला," असं त्या फोनवर म्हणाल्या, आणि त्यात काही चूक आहे असं घरात कुणालाही वाटलं नाही. मग आत्यांकडे जेवलात, आमच्याकडे का नाही, असं सुरू झालं. भावकीत असं चालत नाही. प्रत्येक ठिकाणी ताटाभोवती रांगोळी, औक्षण, नारळ, टॉवेल-टोपी. किशोरच्या कपाटात आता नऊ टॉवेल आणि नऊ टोप्या होत्या. एका चुलतबहिणीने शर्टाचं कापडही दिलं आणि "बारीक झाल्यावरच शिव बरं का," असं बजावलं.

ऑपरेशनआधी दोन आठवडे फक्त प्रोटीनची पावडर, सूप आणि पाणी, असा हॉस्पिटलचा छापील कागद घरी फ्रिजवर लावलेला होता. लिव्हरवरची सूज उतरल्याशिवाय दुर्बिणीने आत काम करणं अवघड, असं त्यात लिहिलं होतं. कागद लावून सहा दिवस झाले होते. त्या सहा दिवसांतलं हे तिसरं केळवण.

"आलं आलं, नवरदेव आलं!" काकू भाकरतुकडा घेऊन पायरीवर उभ्या होत्या. तो किशोरवरून ओवाळून त्यांनी लांब फेकला. किशोर हसला. तो छान हसायचा. एकशे त्रेचाळीस किलोंचा माणूस असा लाजून हसला की वाढणाऱ्या बाईचा हात आपोआप सैल सुटतो, हे दिशाने गेल्या सात वर्षांत पाहिलं होतं.

तिने मोबाइलवर वेळ पाहिली. बारा वीस. चार वाजेपर्यंत हॉस्पिटलला कळवायचं होतं, स्लीव्ह की बायपास.

बाणेरच्या सर्जन मॅडमनी दोन्हींची चित्रं काढून दाखवली होती. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढून टाकायचा आणि केळ्याएवढी नळी मागे ठेवायची. बायपासमध्ये काढायचं काही नाही. वर लहानशी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडायची. उरलेलं जठर पोटातच राहतं, फक्त अन्न त्या वाटेला जात नाही. "सहा वर्षांची शुगर आहे, छातीत जळजळ होते. स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते. माझा कल बायपासकडे आहे," मॅडम म्हणाल्या होत्या. "पण निर्णय तुमचा. तुम्ही दोघांनी ठरवा."

"घरी विचारून सांगतो," किशोर म्हणाला होता.

मॅडमचं 'दोघांनी' बाणेरच्या पुलाखालीच राहिलं. अंगणातल्या चपला पाहून दिशाच्या लक्षात आलं की आज ते निदान सात जण ठरवणार आहेत.

तिला मात्र एकच गोष्ट ठरवायची होती, आणि ती कुणाला सांगता येत नव्हती. वीस दिवसांपूर्वी, भर दुपारी, भूगावच्या पुढे किशोर गाडी चालवता चालवता झोपला होता. गाडी रस्ता सोडून एका इमारतीच्या कामावरच्या मुरमाच्या ढिगावर चढून थांबली. मागे आर्वी होती. काही लागलं नाही. घरी सांगितलं, गाय आडवी आली. "आईला कळलं तर ती जेवण सोडेल," किशोर म्हणाला आणि तिच्याकडून शब्द घेतला. त्यानंतर सासूबाईंनी मोकाट गुरं सोडणाऱ्यांना रोज शिव्या घातल्या, आणि दिशा रोज खाली मान घालून भाजी निवडत ऐकत राहिली.

*

पुरणपोळी, कटाची आमटी, इंद्रायणीचा भात, कुरडया, भजी. किशोरला खाली बसता येत नाही म्हणून त्याच्यासाठी लोखंडी बाक मांडलं होतं, पुढे स्टूल. त्याची आई साळूबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. पोराचं ताट त्या अजून स्वतः पाहत.

कापायचं. हा शब्दच त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. किशोर सात वर्षांचा असताना कावीळ झाली होती, तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. पौडच्या डॉक्टरने मान हलवली होती. त्यानंतर त्यांनी एकेक घास, एकेक चमचा तूप घालून हे पोर पुन्हा उभं केलं. लोकांना आज जाड दिसतं ते. त्यांना अजून त्या बरगड्या दिसत होत्या.

"वाढ गं अजून एक," त्या काकूंना म्हणाल्या.

"आई, नको," दिशा म्हणाली. "पावडरच घ्यायची आहे ह्यांना. मी आणलीय पिशवीतून."

"घेऊ दे की पावडर. दुधात कालवून पोळीसंगं घेईल."

किशोरने आधी दिशाकडे पाहिलं, मग आईकडे, मग पोळीकडे. पोळी जवळ होती.

"तर मंग," नरहरीतात्यांनी विषयाला हात घातला. लग्नाची बैठक असो की बांधाचा वाद, तात्या 'तर मंग' म्हणेपर्यंत काही सुरू होत नसे. "म्या आमच्या निरंजनकडून समदं वाचून घेतलंय. बायपास करायचा. त्या दुसऱ्यात जठर कापून बादलीत टाकत्यात. गेलं ते गेलं. बायपासात जागा हितंच ऱ्हाती, नुसती वहिवाट बदलती. सातबारा आपल्याच नावावर."

दिशाला हसू आलं आणि लगेच भीती वाटली. तिला हवं तेच तात्या बोलले होते. या घरात त्यापेक्षा वाईट काही घडू शकत नव्हतं.

आणि झालंही तसंच. साळूबाईंच्या मानेची शीर ताठ झाली. त्यांच्या नवऱ्याने कासार आंबोलीची जमीन विकली, तेव्हा हेच भावजी दोन वर्षं त्यांच्या दारात आले नव्हते, शेवटच्या आजारपणात आले ते पाच मिनिटं. कालपर्यंत त्यांचंही मन बायपासकडे झुकत होतं. कापून टाकण्यापेक्षा राहू दे आत, असंच त्या पूजेच्या वेळी म्हणाल्या होत्या.

"तुमाला लई कळतं, भावजी," त्या म्हणाल्या. "आतडं इकडचं तिकडं जोडायचं म्हंजी काय पाइपलाइन हाय व्हय?"

"वैनी, म्या आपलं भल्याचं सांगतोय."

"तवाबी भल्याचंच सांगत व्हता."

काकूंनी घाईघाईने कुरडया फिरवल्या.

*

महाळुंग्याच्या चौदाव्या मजल्यावरून आलेली अपेक्षा याच क्षणाची वाट पाहत होती. किशोरची धाकटी बहीण. तिच्या मोबाइलमध्ये या विषयावरचे अकरा व्हिडिओ होते.

"दादा, स्लीव्ह. डोळे झाकून स्लीव्ह. आमच्या टॉवरमध्ये बाराव्यावर एक ताई आहेत, चाळीस किलो उतरल्या. आता जीन्स घालतात, सायकल चालवतात. बायपास वगैरे जुनं झालं."

"जुनं नाहीये," दिशा म्हणाली. "त्या ताईंना शुगर होती का? जळजळ होती?"

"वहिनी, तू प्रत्येक गोष्टीत आधी वाईट काय ते शोधतेस."

"अपेक्षाताईचं बरोबर आहे," निरंजन म्हणाला. तात्यांच्या या मुलाने आपल्या वाटणीची जमीन विकून आलेल्या पैशात तीन फार्महाउस बांधली होती आणि शनिवार-रविवारची गिऱ्हाइकं तो शोधत असे. अपेक्षाच्या टॉवरमध्ये दोनशे चाळीस फ्लॅट होते. "एवढं मोठं जठर नुसतं पडीक ठेवून उपयोग काय? जे वापरायचं नाही ते काढून मोकळं व्हावं माणसाने."

"तू तर काय, मोकळाच झालायस," तात्या म्हणाले.

"तात्या, बोलायचं तर सरळ बोला."

"सरळच बोलतोय. बाप जित्ता हाय तवर बांधाला हात लावू नको म्हनलं हुतं."

दिशा एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. जठराचं नाव घेऊन ज्याने त्याने आपापली जमीन काढली होती. किशोर मात्र जेवत होता. त्याचं प्रत्येकाला पटत होतं. तात्या बोलले तेव्हा त्याने मान हलवली, अपेक्षा बोलली तेव्हाही हलवली. निरंजन बोलला तेव्हा तोंडात घास होता म्हणून भुवया उचलल्या.

"आणि तो फुगा?" काकूंनी हळूच विचारलं. या चर्चेत त्या पहिल्यांदाच बोलल्या. "निरंजननं दावला न्हाई का, पोटात फुगा घालत्यात. कापाकापी न्हाई. सा म्हैन्यानी काढायचा."

 फुग्याची बाजू अजून कुणीच घेतली नव्हती. त्यामुळे फुगा निवडला तर कुणाचीच हार होत नव्हती.

"फुगा बरा," साळूबाई म्हणाल्या.

"सुरुवातीला चालंल," तात्या म्हणाले. सातबारा फुग्यातही शाबूत होता.

"ट्राय करायला काय हरकत आहे," अपेक्षा म्हणाली. "नाही जमलं तर स्लीव्ह आहेच."

"मॅडम म्हणाल्या होत्या," दिशाने आवाज शक्य तेवढा खाली ठेवला, "फुग्याने ह्यांच्याइतक्या वजनाला आणि शुगरला पुरेसा फरक पडत नाही. फुगा काढला की वजन परत येतं. त्यांनी तो पर्याय दिलेलाच नाही."

"मॅडम म्हनल्या, मॅडम म्हनल्या," साळूबाई उसळल्या. "मॅडमनी दूध पाजलं का त्येला?"

 दिशाने आर्वीच्या बोटांना लागलेलं पुरण पुसलं. आर्वीने ते परत लावून घेतलं.

*

फुगा ठरला तेव्हा किशोरला कुणीतरी छातीवरचं पोतं उचललं असं वाटलं.

त्याला बायपासची भीती वाटत होती, पण ती बोलून दाखवायची सोय नव्हती. बायको घाबरट आहे असं सगळे म्हणत, मग नवऱ्याला धीट असणं भाग होतं. फुगा छान होता. फुग्याला नाव ठेवायला जागा नव्हती. सहा महिने, आणि मग बघू. 'मग बघू' म्हटलं की त्याला नेहमीच बरं वाटायचं. त्याचे वडीलही शेवटपर्यंत तेच म्हणत होते.

जेवणं उरकून सगळे पडवीत आले. ऊन उतरत होतं, समोर भात काढलेल्या खाचरांत नुसती धसकटं. काकूंनी औक्षण केलं, तात्यांनी टॉवेल-टोपी दिली. दहावी टोपीही कपाळाच्या वरच राहिली. आर्वी येऊन त्याच्या मांडीवर बसली. मांडी तशी उरलीच नव्हती, ती पोटाला टेकून बसायची.

"आता हॉस्पिटलला फोन लाव," अपेक्षा म्हणाली. "सांग, फुगा."

"लावतो," तो म्हणाला. त्याला तो ढीग आठवला. ढिगाआधीचं काहीच आठवत नव्हतं. आठवत होता तो मागून आलेला आर्वीचा आवाज, "पप्पा, आपण डोंगरावर चढलो!" तिला ते आवडलं होतं. तिने अजून एकदा चढू या असं सांगितलं होतं.

लावतो, असं तो पुन्हा म्हणणार होता. पुरणाची ऊब अंगभर पसरली होती.

*

"झोपला बघा," काकू कौतुकाने म्हणाल्या. "जेवला की असाच झोपायचा ल्हानपनी."

किशोरची हनुवटी छातीवर टेकली होती. घोरणं पडवीभर घुमत होतं. निरंजन हसला, अपेक्षाने मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला.

मग घोरणं थांबलं.

दिशा उठून उभी राहिली. बाकीचे बोलत होते, खाचरांतून कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला त्याबद्दल. दिशा ओठ न हलवता मोजत होती. पाच. आठ. किशोरची छाती हलत नव्हती. बारा. त्याच्या हाताची मिठी सैल झाली आणि आर्वी मांडीवरून घसरायला लागली. पंधरा. अपेक्षाने मोबाइल खाली घेतला. "दादा?" अठरा. साळूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

वीसला दिशाने एका हाताने मुलीला उचललं आणि दुसऱ्याने त्याचा खांदा गदागदा हलवला. किशोरने बुडणारा माणूस वर यावा तसा मोठा श्वास ओढला, डोळे न उघडता मान दुसऱ्या बाजूला टाकली, आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

अपेक्षाने व्हिडिओ बंद केला.

"हे रोज होतं," दिशा म्हणाली. "तासातून कितीतरी वेळा. झोप कधी पुरीच होत नाही, म्हणून दिवसा असे झोपतात. बसल्या बसल्या. बोलता बोलता." तिने आर्वीला कडेवर सावरलं. शब्द दिला होता. दिलेला शब्द तिने आजवर मोडला नव्हता, आणि ही गोष्ट तिला आत्ता फारशी महत्त्वाची वाटेना. "गाय नव्हती, आई. भूगावला. रस्त्यात काहीच नव्हतं. हे झोपले होते. गाडी चालवताना. आणि ही मागे होती."

आधी कुणालाच समजलं नाही. मग समजलं.

एखाद्या दुसऱ्या घरात कुणी मुलीला जवळ घेतलं असतं. इथे आधी चौकशी सुरू झाली. "तुला माहीत होतं आणि वीस दिवस गप्प बसलीस?" अपेक्षा म्हणाली. "आमी गायीला शिव्या देत बसलो," तात्या म्हणाले. त्यांना गायीचं जास्त वाईट वाटलं असावं. निरंजनने गाडीचा विमा मिळाला का, असं विचारलं आणि बापाच्या नजरेने तोंड मिटलं.

 साळूबाई किशोरकडे पाहत होत्या. आतापर्यंत त्यांना त्या देहात बरगड्याच दिसायच्या. आज पहिल्यांदाच त्यांना त्याची मान दिसली, किती जाड, आणि त्या मानेतून हवा किती कष्टाने आत जाते ते.

आवाजांनी किशोर जागा झाला. त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले.

"काय झालं?"

"मम्मीने सांगितलं," आर्वी म्हणाली. "आपण डोंगरावर चढलो ते."

किशोरने दिशाकडे पाहिलं. ती रागाची वाट पाहत होती. त्याला रागवायचंही होतं, पण चार जणांसमोर चिडायला तो कधी शिकलाच नव्हता. त्याने डोक्यावरची टोपी काढली, घडी केली, पुन्हा उलगडली. मग आईकडे न बघता फोन लावला.

"बायपास," तो फोनवर म्हणाला. "हो. नक्की. नाही, फुगा नाही. मी पेशंटच बोलतोय."

पलीकडच्या मुलीने आजचं वजन विचारलं. घरचा काटा एकशे तीसच्या पुढे जात नव्हता. तात्यांनी पडवीच्या कोपऱ्यातल्या, भाताची पोती मोजायच्या काट्याकडे बोट केलं. निरंजनने त्यावरचं रिकामं पोतं झटकलं. किशोर चप्पल काढून वर चढला. लाल आकडे थोडे थरथरले आणि थांबले.

"एकशे अठ्ठेचाळीस," दिशाने वाचलं.

फोन स्पीकरवर होता. "सर, फाइलला एकशे त्रेचाळीस आहे," ती मुलगी म्हणाली. "पाच किलो वाढलंय? डाएट सुरू केलंय ना?"

काकू तांब्या उचलून आत गेल्या. अपेक्षा खाचरांकडे पाहू लागली. तात्यांना टोपीखाली डोकं खाजवायची गरज वाटली.

"आजपासून," किशोर काट्यावरूनच म्हणाला.

"मग तारीख पुढे जाईल सर. आजपासून पूर्ण दोन आठवडे. मॅडमना विचारून कळवते. आणि झोपेत श्वास थांबतो असं काही आहे का? फॉर्ममध्ये तिथे 'नाही' लिहिलंय."

'नाही' किशोरच्या अक्षरात होतं. दिशाने त्याच्याकडे पाहिलं.

"हो लिहा," तो म्हणाला. "गाडी चालवतानाही झोप लागते. तेही लिहा."

*

परतताना चावी दिशाने घेतली.  तिने लायसन्स काढलं त्याला पाच वर्षं झाली होती, आणि त्या पाच वर्षांत ती सोसायटीच्या गेटच्या बाहेर फारशी गेली नव्हती. पहिल्याच वळणावर गाडी बंद पडली. मागच्या जीपवाल्याने हॉर्न वाजवला. किशोर म्हणाला, "क्लच सावकाश सोड," आणि बाहेर पाहू लागला. तो तिच्यावर नाराज होता. ते काही दिवस चालेल, हे दोघांनाही माहीत होतं. जागं राहण्यासाठी त्याने खिडकीची काच पूर्ण खाली केली होती.

मागे साळूबाई आर्वीला पोटाशी धरून बसल्या होत्या, एवढी घट्ट की पोर कुरकुरत होती. काकूंनी दिलेला पुरणपोळ्यांचा डबा त्यांनी पडवीतच ठेवला होता, विसरले असं दाखवून.

त्यांचा फोन वाजला. मुठ्याहून भिवाजी, त्यांचा धाकटा भाऊ. सोमवारी त्यांच्याकडे जेवण ठरलं होतं, मामाचं केळवण, सगळ्यांत मानाचं. भिवाजींचा आवाज गाडीभर ऐकू आला. "आक्का, खानारी किती मानसं? मटनाचं सांगून ठिवतो."

दिशाने आरशात पाहिलं. चाळीस वर्षांत माहेरच्या ताटाला या बाईंनी कधी नाही म्हटलं नव्हतं.

"जेवाया यायचं न्हाई, भिवा," साळूबाई म्हणाल्या.

"का? आमचं काय चुकलं?"

"चुकलं न्हाई. त्येला न्हाई चालत."

"मंग आमीच येतो घिऊन. तुजी भावजय पहाटंच उटून करंल, डबं भरून..."

"न्हाई." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "भेटाया ये. समदी या, पोरंबी आना. पन हात हालवत या."

"हात हालवत?" भिवाजींनी दोनदा विचारलं. बहिणीच्या दारात रिकाम्या हाताने कसं उभं राहतात, हे त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं.